जुना दिसणारा आरसा

‘अँटिक’ म्हणून विकले जाणारे नवे आरसे चटकन ओळखू येतात, कारण त्यांचं जुनेपण सगळीकडे सारखं असतं. खरा आरसा असा म्हातारा होत नाही. अठराव्या शतकातल्या युरोपीय धाटणीचा, कोरीव सोनेरी चौकटीचा आरसा करायचा, तर तो कुठे झिजला असता हे आधी ठरवावं, वेलबुट्टी नंतर.

सुरुवात काचेपासून. युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३५ मध्ये काचेवर रसायनाने चांदी चढवून दाखवली. त्याआधी आरशामागे कथील आणि पारा असे. कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची आणि वजनं ठेवायची. पाऱ्याच्या वाफेत दिवस काढणाऱ्या कारागिरांचे हाल विचारूच नयेत! हा पारा वर्षानुवर्षं हळूहळू खाली उतरतो, म्हणून आरशाचं खालचं अंग आधी बिघडतं. तेव्हा नव्या आरशाच्या पाठीवरचा रंग काढून चांदी डागाळताना डाग खालच्या काठाशी दाट, वर विरळ ठेवावेत. चेहरा दिसतो तिथे जवळपास नकोतच. मग पाठीला काळा रंग द्यावा. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच.

मोठी काच त्या काळी फार महाग, त्यामुळे उंच आरसे अनेकदा दोन तुकड्यांचे. असा सांधा मुद्दाम ठेवला तर शोभतो. काचेची कड मात्र रुंद आणि बोटाला जेमतेम जाणवेल इतक्याच उताराची हवी. यंत्राचा तीव्र, धारदार बेव्हल सगळं सोंग उघडं पाडतो.

चौकटीच्या कोरीव लाकडावर खडूची पूड आणि सरस यांचे पातळ थर एकावर एक देतात, घासून गुळगुळीत करतात. त्यावर मऊ चिकणमातीचा लेप: खोलगट भागात पिवळा, उंचवट्यांवर तांबडा. पिवळा अशासाठी की खाचेत सोन्याचा वर्ख पोचला नाही तरी उघडं पडत नाही. लेप ओला करून वर्ख बसवायचा, आणि वाळत आला की उंचवटे अकीकाने घोटायचे. जिथे फडका फिरला असता तिथेच, म्हणजे पानांच्या टोकांवर आणि खालच्या पट्टीवर, वर्ख किंचित पुसून तांबडी माती डोकावू द्यावी. खोलगट जागी धुळीच्या रंगाचा पातळ हात पुरे.

काच बसते त्या खाचेची आतली बाजू काळी रंगवायला विसरू नये; नाहीतर कोरं लाकूड आरशात दिसत राहतं.