काठीचा घोडा आणि खेळण्यांच्या कविता



बालकांच्या एका चित्रमय पुस्तकावर व्याख्यान द्यावे एवढे त्यात काय आहे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. चार ओळींची कविता, शेजारी एक रंगीत चित्र, पान उलटले की दुसरे खेळणे! परंतु अशाच पुस्तकांवरून एका मोठ्या देशात साहित्यिक आणि शिक्षणाधिकारी यांच्यात कडाक्याचा वाद झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे विषय वाटतो तितका पोरकट नाही, असे दिसून येईल.

हे पुस्तक म्हणजे रशियन कवयित्री आग्निया बार्तो यांचे ‘इग्रुश्की’, अर्थात ‘खेळणी’. ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. एका कवितेत अस्वलाचा पंजा तुटलेला आहे, तरी मूल त्याला टाकून देण्यास तयार नाही. दुसरीत मालकिणीने बाकावर विसरून टाकलेला ससा पावसात चिंब भिजतो आहे. तिसरीत बैल डुलत डुलत फळीवरून चालला आहे आणि फळी संपत आली आहे. एके ठिकाणी मांजराला खेळण्यातल्या मोटारीतून फिरवण्याचा बेत मांजरच उधळून लावते. बस्स, एवढेच. तात्पर्य नाही, उपदेश नाही. पण तुटलेल्या पंजापाशी निष्ठा आहे आणि भिजलेल्या सशापाशी करुणा आहे. ती मुलाला सांगावी लागत नाही. त्याची त्याला कळते.

आता वाद कोणता, तो पाहू. क्रांतीनंतरच्या रशियात अनेक शिक्षणतज्ज्ञांचे असे मत होते की, परीकथा आणि बोलणारे प्राणी यांमुळे मुलांच्या मनात भ्रम शिरतो. नव्या समाजातील बालकाला वस्तुस्थितीच शिकवली पाहिजे. १९२८ साली लेनिनच्या पत्नी क्रुप्स्काया यांनी ‘प्राव्दा’ पत्रात कोर्नेय चुकोव्स्की यांच्या ‘मगर’ या पद्यकथेवर कठोर टीका केली. त्याच वर्षी मॅक्सिम गॉर्की यांनी चुकोव्स्कींची बाजू घेतली. चुकोव्स्कींनी मुलांचे बोल वर्षानुवर्षे टिपून ठेवले होते. त्यांतून पुढे ‘दोन ते पाच’ हा प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे की, उलट्यासुलट्या गोष्टींना मूल हसते ते सुलटे काय हे त्याला पक्के ठाऊक असते म्हणून. मग त्याला भ्रम कसा म्हणावा?

याचे उत्तर आपल्या मराठीनेच फार सुंदर रीतीने देऊन ठेवले आहे. ‘खोटे’ आणि ‘खोटे खोटे’ यांत आपली मुले कधी गफलत करीत नाहीत. ‘खोटे’ म्हणजे फसवणूक. ‘खोटे खोटे’ म्हणजे सर्वांनी मिळून मान्य केलेला खेळ. भातुकलीतला वाळूचा भात मूल मिटक्या मारीत ‘जेवते’, पण गिळत नाही!

मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ साली लेनिनग्राड येथे दिलेल्या व्याख्यानात हीच गोष्ट शास्त्रीय रीतीने उलगडली. मुलाला घोड्यावर बसायचे असते आणि ते तर शक्य नसते. मग काठी घोडा होते. ‘घोडा’ हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सुटा होऊन काठीला जोडला जातो. मात्र कोणतीही वस्तू चालत नाही. काठीवर टांग टाकता येते, पोस्टकार्डावर येत नाही! वस्तूपासून अर्थ अलग करणे हीच पुढे सर्व अमूर्त विचाराची पायरी होय. शिवाय खेळाला नियम असतात, आणि ते पाळताना मूल स्वतःच्या इच्छेला आवर घालावयास शिकते. म्हणजे ज्याला आपण रिकामपणाचा उद्योग म्हणतो, तेथे बुद्धी आणि संयम या दोहोंची तालीम चाललेली असते.

मग यमक कशासाठी? तीन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. त्याचे पुस्तक कानात असते. चुकोव्स्कींनी बालकवींसाठी सांगितलेले नियम असे: प्रत्येक कडव्याचे चित्र काढता आले पाहिजे, यमके जवळजवळ असावीत, आणि ज्या शब्दांवर यमक जुळते त्यांतच अर्थाचा मुख्य भार असावा. असे झाले म्हणजे दोनतीन वेळा ऐकून कविता पाठ होते, आणि मग मूल चित्रावर बोट ठेवून ती ‘वाचू’ लागते. चित्र ही खूण, यमक ही दोरी. बार्तोंच्या पुस्तकात या दोन्ही गोष्टी नेमक्या साधल्या आहेत.

बालपणीच्या या बारीकसारीक गोष्टींचे मोल बार्तोंना पुढे वेगळ्याच प्रसंगी पटले. युद्धात आईबापांपासून ताटातूट झालेल्या मुलांना नाव-गाव आठवत नसे. आठवत असे एखादे दृश्य, एखादा प्राणी, एखादा शब्द. १९६५ पासून जवळजवळ नऊ वर्षे बार्तोंनी रेडिओवरून अशा आठवणी ऐकवल्या, आणि त्यांवरून ओळख पटून ९२७ कुटुंबांची पुनर्भेट झाली. लहान मूल काय पाहते आणि काय जपून ठेवते, याचा याहून मोठा पुरावा कोणता द्यावा?

म्हणून पालकांस माझी एवढीच विनंती आहे. मुलांसाठी पुस्तक घेताना मागे तात्पर्य छापले आहे की नाही, हे पाहू नका. ते मोठ्याने म्हणून पाहा; जीभ अडखळली तर ठेवून द्या. आणि घरात काठीचा घोडा दौडत आला, तर ‘अरे, ती काठी आहे’ असे सांगू नका. त्याला ते ठाऊक आहे. आपण फक्त वाट द्यावी.