खानदेशचा हरवलेला रानपिंगळा

वरणगावाहून उत्तरेकडे पाहिले, की हवा स्वच्छ असलेल्या दिवशी सातपुड्याची निळसर रांग दिसते. गावाजवळच तापी नदीवर हतनूरचे धरण आहे. हिवाळ्यात त्या पाण्यावर चक्रवाक, थापट्या असे पाहुणे उतरतात आणि पक्षिमित्र दुर्बिणी घेऊन तेथे जातात. पण विद्यार्थिमित्रहो, हे झाले पाहुणे. आपल्या देशाबाहेर कोठेही न सापडणाऱ्या प्राण्यांची गोष्ट निराळी. अशा जातींना शास्त्रज्ञ 'प्रदेशनिष्ठ' म्हणतात. बर्फाचे डोंगर, वाळवंट, सदाहरित वने आणि बेटे एकाच देशात असल्यामुळे भारतात अशा जाती पुष्कळ आहेत. निलगिरी ताहर फक्त दक्षिणेच्या डोंगरमाथ्यांवर राहतो. मग सागाच्या रुक्ष, पानगळीच्या रानात असे काय असणार, असे कोणासही वाटेल. त्याच रानात रानपिंगळा राहतो.

साधा पिंगळा तुम्ही पाहिलेला आहे. गावातल्या वडाच्या ढोलीत तो असतो आणि तिन्हीसांजेला त्याचा कलकलाट सुरू होतो. रानपिंगळा त्याचाच भाऊबंद, किंचित मोठा, सुमारे 23 सेंटिमीटर लांबीचा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात; रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. त्याची छाती गडद तपकिरी असून पंखांवर व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात. पायांवर पांढरी पिसे, आणि नख्या शरीराच्या मानाने चांगल्याच दणकट. शिवाय तो दिवसाउजेडी शिकार करतो. सरडे, उंदीर, किडे हे त्याचे खाणे.

1872 साली ब्लूइट यांनी मध्य भारताच्या पूर्व भागात हा पक्षी प्रथम मिळवला. पुढच्याच वर्षी अॅलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून त्याला ब्लूइट यांचे नाव दिले. (काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच.) त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने 1880 ते 1884 या काळात खानदेशात काही नमुने गोळा केले. जगातील संग्रहालयांत या पक्ष्याची सारी मिळून सातच कातडी होती. 1884 नंतर मात्र तो कोणाला दिसेना.

अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील एका कातड्यावर चिठ्ठी होती : मांडवी, 1914. हे मांडवी गाव तापीकाठीच, पण खाली गुजरातेत. साहजिकच पुढे अनेकांनी त्या बाजूला शोध घेतला. सालिम अलींसारख्या जाणकारांनाही हा पक्षी सापडला नाही. तो नामशेष झाला असावा, असे बहुतेकांना वाटू लागले.

आता यात पदार्थविज्ञानाचा भाग येतो. प्रयोगशाळेत तुम्ही सात वाचने घेऊन आलेख काढता. त्यांतले एक जरी खोटे असले, तरी रेषा भलतीकडे झुकते. इथे तसेच झाले होते. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांना त्या चिठ्ठीचा संशय आला. त्यांनी व नायजेल कॉलर यांनी कातड्याची कसून तपासणी केली व त्याची क्ष-किरण चित्रे घेतली. हाडातील कॅल्शियम क्ष-किरण अधिक शोषून घेते, कापूस आणि पिसे फार थोडे शोषतात. त्यामुळे पक्षी न उसवता आतील हाडे कशी कापली, कशी ठेवली, हे दिसते. प्रत्येक संग्राहकाची कातडे भरण्याची एक धाटणी असते, जसे प्रत्येकाचे हस्ताक्षर. या कातड्यावर डेव्हिडसनचा हात दिसत होता! म्हणजे कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातला खानदेशी पक्षी चोरला, तो पुन्हा भरला आणि त्यावर खोटी चिठ्ठी बांधली. सबंध आयुष्यात त्यांनी असे आणखीही पुष्कळ नमुने पळवले होते, हे आता सिद्ध झाले आहे.

एका माणसाच्या हावेपायी शोधाची कित्येक वर्षे वाया गेली. मला ही गोष्ट साध्या चोरीहून वाईट वाटते. कारण पैसा परत मिळवता येतो, पण तेवढ्या काळात तुटलेले रान परत येत नाही.

खोटे वाचन काढून टाकल्यावर शोधायच्या जागा बदलल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणे धुंडाळीत निघाले. पूर्वेकडे काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले. 25 नोव्हेंबरला सकाळी शहाद्याजवळच्या रानात बेन किंग यांना एका झाडावर उन्हात बसलेला पिंगळा दिसला. डोक्यावर ठिपके नव्हते, पाय पांढरे होते. 113 वर्षांनी पक्षी सापडला! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा 1998 साली निराळा झाला.

पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी त्याच्या सवयींचा अभ्यास केला. तोरणमाळ, मेळघाट आणि आपल्या यावलच्या रानातही तो आढळला. तो स्वतः ढोली कोरीत नाही. झाडाला आधीच पडलेल्या ढोलीत मादी बहुधा दोन अंडी घालते. म्हणून जुनी, पोकळ झाडे त्याला लागतातच, आणि सरपणासाठी पहिली कुऱ्हाड नेमकी अशाच झाडावर पडते. शेतीसाठी रान मोडणे चालू आहे ते वेगळेच. भरीस भर म्हणजे जादूटोण्यासाठी घुबडांचा बळी देण्याची खुळी प्रथा अजून गेलेली नाही.

2014 साली मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यात रानपिंगळा दिसला. सातपुड्यापासून इतक्या दूर तो असेल, अशी कोणाची अपेक्षा नव्हती. 2018 मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीतून काढून 'संकटग्रस्त' ठरवण्यात आले; तरीही प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच असावी असा अंदाज आहे. सहलीला पाल किंवा यावलच्या बाजूला गेलात आणि भरदिवसा निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर पिंगळा दिसला, तर दगड मारू नका, हाकारू नका. आधी त्याचे डोके पाहा. ठिपके नसतील तर तारीख, वेळ आणि जागा वहीत लिहा, आणि चिठ्ठी खरी लिहा.