आयगरच्या डावीकडे की उजवीकडे?

ठाण्याच्या एका वाचकबाईंचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न असा नेमका आहे की तो मागे ठेववेना. सप्टेंबरात त्या आणि त्यांचे यजमान आठवडाभर स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला राहणार आहेत. रोज थोडं चालायचा बेत आहे. त्या लिहितात, "पर्यटन प्रदर्शनात मिळालेल्या रंगीत घडीपत्रकात ग्रिंडेलवाल्ड डावीकडे आणि लाउटरब्रुनेन उजवीकडे आहे. मोबाइलवर पाहिलं तर बरोबर उलट. यातलं चुकलंय कोण?"

कुणीच नाही. तुमच्या हातातलं घडीपत्रक म्हणजे नकाशा नव्हे, ते पॅनोरमा चित्र आहे. चित्रकार उत्तरेकडे, इंटरलाकेनच्या वर आकाशात कुठेतरी उभा आहे आणि दक्षिणेकडे बघतोय, कारण आयगर शिखराची ती प्रसिद्ध उत्तर भिंत तिथूनच दिसते. दक्षिणेकडे तोंड केलं की पूर्व डाव्या हाताला येते. म्हणून चित्रात डावीकडून आयगर (३९६७ मीटर), मग म्योंख, मग युंगफ्राउ (४१५८ मीटर) असा क्रम लागतो आणि पूर्वेकडचं ग्रिंडेलवाल्ड डावीकडे जातं. मोबाइलवर उत्तर वर असते, त्यामुळे सगळं फिरतं. इंटरलाकेनच्या हिरवळीवर उभं राहून डोंगराकडे पाहाल तेव्हा तुमचे डोळे चित्राच्या बाजूनं कौल देतील.

या चित्रांवर माझा फार जीव आहे, म्हणून थोडं विषयांतर करतो. या कलेतलं सगळ्यांत मोठं नाव हाइनरिश बेरान (१९१५–१९९९), ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचा. ग्रोसग्लॉकनरच्या नव्या घाटरस्त्याचं चित्र त्यानं १९३४ साली केलं आणि तिथून तो या वाटेला लागला. पुढे अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांची चित्रं त्यानं काढली. मारी थार्प आणि ब्रूस हीझेन यांच्या संशोधनावरून १९७७ साली तयार झालेलं जगभरच्या समुद्रतळाचं चित्रही त्याच्याच हातचं. त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. जवळची जमीन जवळजवळ वरून पाहिल्यासारखी सपाट पसरायची, मागे जाता जाता ती हळूहळू उभी करत क्षितिजाला नेऊन टेकवायची. आड येणारा डोंगर थोडा वळवायचा. दरी रुंद करायची, म्हणजे तिच्यातलं गाव दिसेल. शिखरं ताणून उंच करायची. एवढी ओढाताण करूनही, प्रत्यक्ष तिथे गेलेला माणूस चित्र पाहून म्हणतो, हो, असंच आहे! माझ्या मते हे फार मोठं कसब आहे.

पण याच ओढाताणीमुळे त्या चित्राला प्रमाण राहत नाही. पुढचा एक सेंटिमीटर आणि मागचा एक सेंटिमीटर यांत जमिनीवरचं अंतर सारखं नसतं. बाईंनी दोन वाटा निवडल्यात : मेनलिखेन ते क्लाइने शाइडेग, आणि फर्स्टहून फाउलहॉर्नमार्गे शिनिगे प्लाटे. घडीपत्रकात दोन्ही तशाच बारीक रेघेनं दाखवलेल्या असतात. पहिली वाट दीडेक तासाची, बहुतेक हलक्या उताराची, साठीतल्या माणसांनाही झेपणारी. दुसरी जवळपास सोळा किलोमीटर, सहा तासांची, आणि मध्ये २६८१ मीटरवरचं फाउलहॉर्न. शिनिगे प्लाटेहून खाली येणारी दातेरी रुळांची गाडी संध्याकाळी लवकर थांबते. ती चुकली तर पुढचं सगळं पायी उतरायचं.

चालायचं असेल तर खरा नकाशा हवाच. स्विस सरकारच्या 'स्विसटोपो'चा १:५०,००० प्रमाणाचा, 'इंटरलाकेन' नावाचा २५४ क्रमांकाचा कागद घ्या. क्रमांकापुढे 'टी' असलेला, खास पायवाटांचा. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. समोच्च रेषा दर वीस मीटरांनी. मातीवर त्या तपकिरी, उघड्या खडकावर काळ्या, हिमनदीवर निळ्या. रेषेचा रंग पाहूनच पायाखाली काय येणार ते कळतं. क्लाइने शाइडेगहून (२०६१ मीटर) ग्रिंडेलवाल्डला (१०३४ मीटर) चालत उतरायचं मनात आलं, तर वाटेवर आडव्या जाणाऱ्या रेषा मोजा. पन्नासच्या वर भरतील. बारी गावातून कळसूबाई चढताना जेवढी उंची गाठतो, त्याहून हा उतार जास्त आहे. गुडघ्यांना विचारून ठरवा. रेल्वे आहेच.

वाटेवरच्या पिवळ्या पाट्या अंतर देत नाहीत, वेळ देतात, आणि त्या वेळेत विश्रांती धरलेली नसते. फोटो आणि डबा यांचा वेळ आपला आपण वाढवून घ्यायचा.

आणखी एक. घडीपत्रकाशी जुळावा म्हणून हा नकाशा उलटा धरून वाचू नका. त्यावर डोंगरांना सावली दिलेली असते आणि उजेड वायव्येकडून, म्हणजे कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असं धरलेलं असतं. स्वित्झर्लंडमध्ये भरदुपारी सूर्य तिथे कधीच नसतो, पण उजेड वरून येतो हे आपल्या डोळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. कागद उलटा केला की दऱ्या डोंगरांसारख्या वर येतात आणि डोंगर खचतात. झुरिकच्या एडुआर्ड इमहोफनं (१८९५–१९८६) छायांकनाचं हे शास्त्र परिपूर्णतेला नेलं. स्विस नकाशा नुसता भिंतीवर लावावासा वाटतो तो त्यामुळे.

कागद विकत घ्यायचा नसेल तर स्विसटोपोचं अॅप मोफत आहे आणि नकाशा आधी उतरवून ठेवला की नेटशिवाय चालतं. तरी दोघांनी मिळून टेबलावर बेत आखायला मोठा कागदच बरा. तो उघडल्यावर युंगफ्राउ शोधत बसू नका. शिखर या कागदाच्या खालच्या कडेबाहेर, २६४ क्रमांकावर गेलंय. तुमच्या वाटा सगळ्या २५४वर बसतात, दुसरा कागद घेण्याचं कारण नाही. घडीपत्रक मात्र टाकू नका. समोरच्या शिखरांची नावं ओळखायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.