झाडू मारायच्या आधी

सकाळी ६.४०
"साहेब, घर फोडलंय आमचं!" फोनवरच्या बाई रडत असतात, तरी धीर मी नंतर देतो. आधी सांगतो, "अंगणात थांबा. दाराला, कपाटाला हात लावू नका. झाडू तर मुळीच मारू नका." मग ठाण्याच्या डायरीत वेळ लिहून निघतो.

७.३०
शहापूरहून माहुली गडाच्या वाटेवरचा पाडा. आषाढाचा चिखल. घरचे दोन दिवस मुरबाडकडे भातलावणीला गेलेले, पहाटे परतले तर कोयंडा लोंबतोय. ओटीवर निम्मा पाडा जमलाय. चोर घरात अर्धा तास असतो, शेजारी तीन तास! सगळ्यांना कुंपणाबाहेर काढून शिपाई दोरी बांधतो. आत जायची एकच वाट ठरवायची, त्याच वाटेनं परत यायचं. आपल्याआधी कोण कोण आत डोकावलं, तेही टिपायचं.

८.००
मागच्या दारी चिखलात बुटाचा ठसा, आणि आभाळ भरून आलेलं. वरून घमेलं पालथं घालतो, सर थांबल्यावर उचलतो. आधी फोटो: लांबून घरासकट, मग मधून, मग जवळून. जवळच्या फोटोत ठशाशेजारी मोजपट्टी हवी आणि कॅमेरा नेमका वर. तिरक्या फोटोत माप चुकतं. मग प्लास्टर ऑफ पॅरिस पातळ कालवून चमच्यावरून हळू सोडायचं. धार थेट पडली तर तळव्याची नक्षी मोडते. अर्ध्या तासानं साचा उचलतो, चिकटलेली माती तशीच ठेवतो.

९.३०
फिर्याद. राहत्या घरातली चोरी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५, सात वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर यायचं आहे. ती व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. कलम १०५ मुळे जप्तीचं चित्रीकरणही आलं. त्यामुळे हल्ली एका हातात पेन, दुसऱ्या हातात मोबाइल.

१०.३०
ठसेतज्ज्ञ येतात. कपाट गडद रंगाचं, म्हणून पावडर फिकी. पत्र्याला दमट हवेचा ओलावा आहे, तो सुकेपर्यंत ब्रश टेकवायचा नाही. तोवर घरच्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचे. बाई भडकतात, "आमचे कशाला? आम्ही काय चोर आहोत?" "तसं नाही ताई. तुमचे वगळले की उरतील ते परक्याचे." कपाटाच्या कडेवर सुकलेल्या रक्ताचा ठिपका सापडतो, पत्रा कापला असावा. डिस्टिल्ड पाण्यानं ओलावलेल्या कापसाच्या काडीवर तो टिपून सावलीत सुकवायचा आणि कागदी पाकिटात घालायचा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, नमुना कुजतो.

१२.००
श्वानपथक. कुत्रा मागच्या दारानं बांधावरून निघतो आणि मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला थांबतो. तिथून गाडी. तेवढंच कळलं, तेवढंच लिहायचं.

१२.३०
आता खरं काम, पंचनामा. दोन पंच समोर. घराच्या चतुःसीमा, खोल्या, कपाट कुठल्या भिंतीला, भिंतीपासून किती फूट किती इंच. कच्च्या नकाशावर उत्तर दिशेचा बाण.

नवा होतो तेव्हा एका पंचनाम्यात मी लिहिलं होतं, "चोरट्यानं पहारीनं कोयंडा उचकटला." काही वर्षांनी कोर्टात वकिलांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही पाहिलंत?" मी गप्प. "पहार जप्त केलीत?" तेव्हाही गप्प. त्या दिवसापासून डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहितो: "कोयंडा चौकटीतून निघालेल्या स्थितीत, कुलूप लागलेले. चौकटीवर दीड इंच लांबीचा ताजा दाबाचा व्रण." चोर, पहार, रात्र यांतलं काही पंचनाम्यात येत नाही. ते तपासात शोधायचं.

पंचांना सगळं वाचून दाखवतो. एक जण सही करतो, दुसरे आजोबा अंगठा उठवतात आणि शाई धोतराला पुसतात.

२.३०
बाई दारात झाडू घेऊन उभ्याच असतात. "आता मारू का, साहेब?" सगळीकडे एकदा नजर फिरवतो. राहिलं काही? पलंगाखाली, चुलीमागे, कौलांत? "मारा, ताई."

४.३०
ठाण्यात. प्रत्येक पाकिटावर पंचांच्या सह्यांचं लेबल, लाखेचं सील, मुद्देमाल रजिस्टरात नोंद. रक्ताचा नमुना कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाईल. कोण घेऊन गेलं, कधी निघालं, तिथं कुणी घेतलं, सगळं कागदावर. साखळीतली एक कडी निखळली तर पुरावा असूनही गेला. चित्रीकरणासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, त्यात फाइलचा हॅश क्रमांक.

७.००
एव्हाना ते घर सारवून, आवरून झालं असेल. केस उभी राहील तेव्हा आज सकाळचं विस्कटलेलं घर फक्त या चार पानांत सापडणार आहे. निघण्याआधी व्रणाचं माप फोटोतल्या पट्टीशी पुन्हा ताडून पाहतो. दीड इंच. बरोबर आहे.