तेलाचा रंग आधी बघा

आपल्याकडे पिकअप म्हटलं की आंब्याच्या पेट्या नाही तर सिमेंटच्या गोणी वाहणारी गाडी डोळ्यांसमोर येते. तिचा क्लच पायानं दाबायचा, गिअर हातानं टाकायचा. अमेरिकेत पिकअप दारोदार उभी असते आणि तिचा गिअर बहुधा आपोआप पडतो. ह्यूस्टनला माझा भाचा लाद्या बसवण्याची कामं घेतो. त्याच्याकडे मुक्कामाला होतो, तेव्हा अशाच एका पिकअपनं घरातल्या सगळ्यांची झोप उडवली होती. कविता करणाऱ्या माणसानं गिअरबॉक्सवर बोलावं याचं नवल वाटेल. पण ते पंधरा दिवस त्या घरात दुसरा विषयच नव्हता.

गाडी जुनी घेतलेली. १,८७,००० मैल झालेली, म्हणजे आपले तीन लाख किलोमीटर. इंजिन ठणठणीत. सकाळी छान चालायची. दुपारी लाद्यांचा ट्रेलर जोडून निघाली की तिसऱ्या गिअरला इंजिन नुसतंच रेस घ्यायचं, गाडी ओढायची नाही. दांडी 'डी'वर टाकली तर दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग एकदम धक्का. एका गॅरेजवाल्यानं खाली न वाकताच निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला, उतरवून नव्यानं बांधावा लागेल." त्यानं सांगितलेल्या रकमेत तशीच दुसरी जुनी गाडी आली असती. भाचा म्हणाला, "मामू, गाडी गेली तर कामही गेलं."

हे यंत्र चालतं कसं, ते आधी पाहू. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरू लागतो. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोचते ती साधारण अशीच, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असतं. याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. पुढे मधोमध एक दातेरी चाक, त्याच्याभोवती फिरणारी लहान चाकं आणि बाहेरून एक कडं. त्यांना सूर्य आणि ग्रह म्हणतात. ही नावं इंजिनिअरांनी ठेवलेली आहेत, माझी नव्हेत! यातलं कोणतं धरून ठेवायचं आणि कोणतं फिरू द्यायचं, यावर गिअर ठरतो. धरण्याचं काम क्लच प्लेटा करतात, आणि त्या प्लेटांना दाबतं पुन्हा तेलच. जनरल मोटर्सनं १९३९ साली 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स बाजारात आणला, तेव्हापासून यंत्रात कितीतरी बदल झाले. तेलावरची भिस्त मात्र तशीच आहे. तेच ताकद पोचवतं, दाब देतं, वंगण पुरवतं आणि उष्णता वाहून नेतं.

आता त्या सकाळ-दुपारच्या कोड्याकडे येऊ. जुन्या गाडीतली रबरी सील कडक झालेली असतात. तेल गार असताना दाट असतं, दाब टिकतो. तापलं की पातळ होतं, सीलजवळून निसटतं, दाब उतरतो आणि प्लेटा घसरतात. घसरल्या की आणखी तापतात आणि त्या तापानं तेल जळतं. टेक्सासचा उन्हाळा आणि मागे लाद्यांचा ट्रेलर. यापेक्षा वाईट जोडी कोणती?

म्हणून आधी तेल बघायचं. गाडी सपाटीवर, इंजिन चालू, गिअरबॉक्स तापलेला, दांडी बहुतेक गाड्यांत पार्कवर. काही गाड्यांची रीत वेगळी असते, तेव्हा गाडीबरोबरचं पुस्तक वाचावं. पुष्कळ नव्या गाड्यांना तर ही डिपस्टिकच नसते. डिपस्टिक पांढऱ्या कागदावर पुसा. नवं तेल बहुधा लाल असतं. तपकिरी झालं तर जुनं झालं. काळं आणि करपट वासाचं असेल तर प्लेटा जळताहेत. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरचं पाणी आत शिरलंय, आणि मग गाडी अजिबात चालवू नये.

दुसरी गोष्ट, गाडीचा कॉम्प्युटर काय सांगतो ते वाचून घ्यावं. १९९६ पासूनच्या अमेरिकन गाड्यांना त्यासाठी ठरावीक सॉकेट असतं. कधीकधी सगळा गोंधळ एका सोलेनॉइडचा, म्हणजे तेलाची वाट उघडझाप करणाऱ्या विजेच्या लहान झडपेचा असतो. पुष्कळ गाड्यांत ती खालचं चेंबर काढून बदलता येते, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

"इतकी चाललेल्या गाडीचं तेल बदलू नका, बदललं की गिअरबॉक्स बसतो," असं तिथे शेजारी सांगत होते. माझ्या समजुतीप्रमाणे यात अर्धंच खरं आहे. लोक तेल बदलतात ते गाडी घसरायला लागल्यावर. तोवर प्लेटा झिजलेल्या असतात आणि खापर फुटतं नव्या तेलावर. झिजलेली प्लेट कुठल्याही तेलानं भरून येत नाही. मात्र गाडी घसरत नसेल, तर चेंबर उतरवून फिल्टर आणि तेल बदलण्यात मला धोका दिसत नाही; कंपनीनं सांगितलेलंच तेल हवं, एवढं पाहावं. यंत्रानं जोर लावून आतून धुऊन काढण्याच्या भानगडीत जुन्या गाडीला घालू नये. सुटलेला गाळ बारीक वाटांत जाऊन अडकतो.

भाच्यानं दुसरा मेकॅनिक गाठला. रेडिएटरकडे जाणारी तेलाची नळी पाझरत होती, तेल बरंच उतरलं होतं. चेंबर उघडलं. आतल्या चुंबकावर राखाडी चिखल होता, तो असायचाच. पण तळाशी काळ्या खपल्याही होत्या. म्हणजे पहिला गॅरेजवाला न बघता बोलला, तरी बोलला ते खरं होतं. नळी बदलली, तेल भरलं. भाच्यानं ट्रेलर सोडून ठेवला, लाद्या दोन-दोन खेपांत नेल्या आणि हातातली कामं कशीबशी पुरी केली.

मग प्रश्न आला, बांधायचा की भंगारातला गिअरबॉक्स आणायचा? भंगारातला स्वस्त, पण तो किती घासलाय कुणास ठाऊक. ह्यूस्टनला रस्त्यावर बर्फाचं मीठ टाकत नाहीत, त्यामुळे चासी गंजलेली नव्हती, आणि इंजिन चांगलं होतं. त्यानं बांधूनच घेतला आणि तेल गार करायला पुढे एक जादा कूलर बसवला. पैसे बहिणीनं, म्हणजे त्याच्या आईनं, जमवून ठेवलेल्यातून गेले. ती त्यावर काही बोलली नाही. दोन दिवस फक्त मुकाट स्वयंपाक करत होती.

आपल्याकडे २०१४ पासून ज्या स्वस्त ऑटोमॅटिक मोटारी आल्या, त्यांपैकी बऱ्याचजणींत साधाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच मोटर दाबते. त्यांना हे तेलाचं शास्त्र लावू नका.

भाच्यानं ती गाडी घेतली होती सकाळच्या गारव्यात, कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून. मी निघायच्या आदल्या दिवशी त्याचा एक मित्र जुनी पिकअप बघायला चालला होता. भाचा त्याच्याबरोबर गेला, तो भर दुपारी. आधी डिपस्टिक कागदावर पुसली, मग अर्धा तास गाडी पळवली, चढावर उभी करून रिव्हर्स टाकून बघितला आणि मालकाला सलाम करून दोघंही तसेच परत आले.