पूर्ण भूल की कमरेखालची?

पावसाळ्यात अंगणात किंवा न्हाणीत पाय घसरून पडलेली आजी जालन्याच्या सरकारी रुग्णालयात येते, तेव्हा तिची हकिगत बहुतेक वेळा ठरलेली असते. वय पंचाहत्तरच्या पुढे, मांडीचे हाड खुब्यापाशी मोडलेले, रक्तदाबाची गोळी ‘आठवली तर’ घेतलेली, चाळीस वर्षे चुलीचा धूर आणि मिशरी. एक्स-रे पाहून झाला की नातेवाईक विचारतात, ‘‘डॉक्टर, या वयात भूल सोसेल का?’’ आणि लगेच विनंती, ‘‘पूर्ण भूल नको, कमरेखालचीच द्या.’’

कमरेत सुई टोचून खालचे अंग बधिर करण्याची पद्धत १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी प्रथम वापरली. रुग्ण जागा राहतो, घशात नळी घालावी लागत नाही, म्हणून ती म्हाताऱ्या माणसांना जास्त सुरक्षित, हा समज डॉक्टरांमध्येही अनेक वर्षे पक्का होता. २०२१ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील १,६०० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. खुब्याच्या ऑपरेशननंतर साठ दिवसांत दगावलेले किंवा चालू न शकलेले रुग्ण कमरेखालच्या भुलीत १८.५ टक्के, तर पूर्ण भुलीत १८ टक्के होते. म्हणजे फरक जवळपास नाहीच.

पण ही सरासरी झाली. ज्यांना कमरेत भूल देणेच धोक्याचे, असे रुग्ण त्या अभ्यासात घेतलेले नव्हते. आणि भूलतज्ज्ञाची खरी परीक्षा त्यांच्याच बाबतीत असते.

धुराने फुप्फुसे खराब झालेल्या आजीला कमरेखालची भूल सहसा बरी पडते, कारण तिचा श्वास तिचाच चालू राहतो. मात्र या भुलीने पायांकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. धडधाकट हृदय ते सांभाळून घेते. हृदयातून रक्त बाहेर जाण्याची झडप अरुंद झालेली असेल, तर हृदयाला जोर वाढवता येत नाही आणि दाब एकदम कोसळू शकतो. अशा वेळी ‘नको’ म्हटलेली पूर्ण भूलच, हळूहळू औषध देत, दर मिनिटाला दाबावर नजर ठेवून, अधिक बरी ठरते. तिसरा पेच रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा. क्लोपिडोग्रेल चालू असताना कमरेत सुई टोचली, तर मज्जारज्जूजवळ रक्तस्राव होण्याची भीती. गोळी बंद करून पाच-सात दिवस थांबावे, तर खुबा मोडलेला म्हातारा माणूस तेवढ्या दिवसांत न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमांनी खचतो. शक्यतो दोन दिवसांत ऑपरेशन व्हावे, असा प्रयत्न असतो तो त्यामुळेच.

म्हणून प्रत्येक वृद्धाला ‘आधी टू-डी इको करून आणा’ म्हणत साठेक किलोमीटरवरच्या घाटी रुग्णालयात धाडणेही बरोबर नाही. छातीत आवाज येतो, चालताना चक्कर येते, दम लागतो, त्याला तपासणी हवीच. बाकीच्यांत साधा प्रश्न पुष्कळ काही सांगून जातो. दोन जिने चढता येतात का, असे पुस्तकात असते. खेड्यातल्या घराला जिनाच नसतो. तिथे विचारावे लागते, ‘‘आजी, पडण्याआधी अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या न बसता चढत होता का?’’

नातेवाईकांकडून दडवल्या जाणाऱ्या गोष्टींत सगळ्यात घातक म्हणजे सांधेदुखीच्या पुड्या. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. ते महिनोन्महिने पोटात गेले की शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते, आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब काही केल्या वर येत नाही. पुडी आधी दाखवली, तर त्यावर इंजेक्शनची सोय करता येते. दुसरी गोष्ट चहाची. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, पण दुधाचा चहा जेवणासारखाच धरतात. त्यानंतर सहा तास थांबावे लागते. ‘घोटभरच दिला’ असे टेबलावर नेताना कळले, की पोटातले घशात येऊन फुप्फुसात जाण्याची टांगती तलवार असते. असल्या घोटाने पुढे ढकललेली ऑपरेशने थोडीथोडकी नाहीत.

वेदनेची सोय मात्र भूल ठरण्याआधीच करता येते. जांघेतील मज्जातंतूंजवळ बधिर करणारे औषध दिले, की आजीला कुशीवर वळवताना ती किंचाळत नाही आणि गुंगी आणणारी औषधेही कमी लागतात.

ऑपरेशन पार पडल्यावर दुसऱ्या रात्री ‘आजी बडबडतात, भूल डोक्यात गेली’ अशी तक्रार येते. चीनमध्ये ९५० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हा भ्रम दोन्ही प्रकारच्या भुलींनंतर जवळपास सारखाच आढळला. त्यामागे भुलीपेक्षा वेदना, जागरण, जंतुसंसर्ग, शरीरातले कमी झालेले पाणी ही कारणे अधिक असतात. चष्मा आणि कानाचे यंत्र घरी ठेवू नका, वॉर्डात घेऊन या, असे परिचारिका सांगतात ते याचसाठी. रात्री उशाशी ओळखीचे एक माणूस बसले, तर बऱ्याचदा आजी पहाटेपर्यंत शांत होतात.