अर्ध्या बिघाडाचे शास्त्र

मुंबईहून कोल्हापूरला भावाच्या खात्यात यूपीआयने पैसे पाठवायचे, तर फोनमधले अ‍ॅप, एनपीसीआयची मधली यंत्रणा, पाठवणाऱ्याची बँक आणि भावाची बँक या सगळ्यांच्या संगणकांना एकमेकांशी बोलावे लागते. पडद्यावर मात्र एकच काम झाल्यासारखे दिसते. अनेक स्वतंत्र संगणक मिळून एकच संगणक असल्यासारखे वागतात, तेव्हा त्यांना वितरित प्रणाली म्हणतात. साधने वाटून वापरावीत, वापरणारे वाढले तरी यंत्रणा पुरी पडावी, निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे ठरलेल्या नियमांनी जोडता यावीत, एखादा भाग बंद पडला तरी काम चालू राहावे आणि हा सारा पसारा वापरणाऱ्यापासून झाकलेला राहावा, अशी तिची उद्दिष्टे पाठ्यपुस्तके सांगतात. यातल्या शेवटच्या उद्दिष्टाला आपण गरजेपेक्षा जास्त मान दिला, असे माझे मत आहे. पसारा जरूर झाकावा, पण अनिश्चितता उघड सांगावी.

याचे कारण बिघाडाच्या स्वरूपात आहे. एकटा संगणक बंद पडला की सगळेच थांबते आणि निदान ते कळते तरी. वितरित प्रणालीत अर्धेच बिघडते. समजा, तुमच्या खात्यातून रक्कम वजा झाली, भावाच्या बँकेला जमा करण्याचा संदेश गेला आणि उत्तर आलेच नाही. संदेश वाटेत हरवला, की सर्व्हर आधीच बंद पडला, की पैसे जमा होऊन फक्त पोच हरवली? वाट पाहणाऱ्या यंत्राला हे तिन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात. संदेश पुन्हा पाठवला तर रक्कम दोनदा जमा होण्याचा धोका असतो. म्हणून व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देतात आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नव्याने जमा करायचे नाही, हे आधीच ठरवून ठेवतात. १९८४ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील बिरेल आणि नेल्सन यांनी दूरच्या संगणकावरचे काम जवळच्याच यंत्रावर असल्यासारखे करवून घेण्याची पद्धत मांडली. ती फार उपयोगी ठरली. पण १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समधील जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बजावले, की अर्ध्या बिघाडाची शक्यता जवळच्या आणि दूरच्या कामात मुळातच फरक करते आणि तो फरक पुसायला गेले की प्रणाली कच्ची राहते.

इंटरनेटवरील नावांची व्यवस्था, डीएनएस, हे अनिश्चितता उघड सांगण्याचे उत्तम उदाहरण आहे. पूर्वी सर्व यंत्रांची नावे एकाच यादीत असत आणि ती कॅलिफोर्नियातील एका संस्थेत सांभाळली जाई. यंत्रे वाढली तशी ती यादी अपुरी पडली आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ती जबाबदारी असंख्य सर्व्हरांत वाटून देणारी रचना केली. या रचनेत प्रत्येक उत्तरासोबत ते किती वेळ ग्राह्य धरायचे याची मुदतही येते. माहिती थोडी शिळी असू शकते, हे प्रणाली स्वतःच मान्य करते. पैशांच्या बाबतीत असे शिळेपण चालत नाही. तिथे उत्तर लांबले तरी चालेल, चुकता कामा नये. संपर्क तुटलेला असताना ताजे उत्तर आणि हमखास उत्तर या दोहोंची हमी एकाच वेळी देता येत नाही, हे एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडले आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केले.

यावर कोणी म्हणेल, मग एकच बलाढ्य संगणक का ठेवू नये? पण ग्राहकाचा फोन आणि तो संगणक, एवढी दोनच यंत्रे असली तरी पोच हरवण्याचा प्रश्न उरतोच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सामान्य माणसाला आतल्या भानगडी कशाला हव्यात? सर्व्हर कुठे आहे, माहितीच्या प्रती किती आहेत, हे त्याला खरोखरच नको असते. पण पैसे पोहोचले की नाही हे यंत्रणेलाच ठाऊक नसेल, तर ते समजणे हा त्याचा हक्क आहे. ‘यशस्वी’ किंवा ‘अयशस्वी’ असा खोटा निकाल देण्यापेक्षा ‘पेंडिंग’ लिहिणे केव्हाही श्रेयस्कर, आणि त्यापुढची जबाबदारी नियमाने बांधलेली हवी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मधील परिपत्रकाने ती बांधली. तेव्हा ‘पेंडिंग’ दिसताच घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. व्यवहार क्रमांक जपून ठेवा. त्या परिपत्रकानुसार, खात्यातून वजा झालेली पण समोरच्या व्यक्तीच्या खात्यात जमा न झालेली यूपीआयची रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई देय आहे, तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता.